हसू जिथे फुटतं, तिथेच धडा हवा

ताई, तुमचा प्रश्न सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा निवांत लिहितो. तुम्ही म्हणता की साक्री तालुक्यात ९वीला विज्ञान शिकवता, वर्गात ५८ मुलं आहेत आणि नोकरीचं दुसरंच वर्ष आहे. मुलं पेंगतात म्हणून मुख्याध्यापकांनी सुचवलं की त्यांच्या आवडीचं काहीतरी घ्या, थोडा विनोद करा, प्रोजेक्टर वापरा. तुम्ही धाराविद्युतच्या तासाला तीन-चार मीम दाखवलेत. वर्ग खळखळून हसला. फळ्याकडे वळलात तर वर्ग पुन्हा होता तसाच, आणि चाचणीत गुणही होते तेवढेच. शेवटी तुम्ही विचारलंय, "माझा स्वभाव मुळात विनोदी नाही. मग हे माझ्यासारखीला जमणारच नाही का?"

या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण खरी काळजी तिथे आहे. जमेल. गेली २४ वर्षं मी विज्ञान आणि गणित शिकवतोय. पहिली पाच वर्षं नंदुरबारकडच्या आश्रमशाळेत काढली, नंतर जळगाव जिल्ह्यात आलो. मी चारचौघांत कमी बोलणारा माणूस आहे. तरी माझ्या वर्गात मुलं हसतात, आणि त्यातलं बहुतेक हसू मुलांनीच आणलेलं असतं. ते कसं, ते पुढे येईलच.

तुमच्या मीमचं काय झालं, ते आधी पाहू. मुलं हसली चित्राला आणि धडा सुरू झाला त्यानंतर. दोन्ही गोष्टी एका तासात होत्या, पण एकीचा दुसरीशी काही संबंध नव्हता. लग्नात आधी ऑर्केस्ट्रा झाला आणि मग भटजींनी मंत्र सुरू केले, तर ऑर्केस्ट्रामुळे मंत्र कोणाच्या लक्षात राहत नाहीत. रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चित्रं आणि शब्द वापरून शिकवण्यावर अनेक वर्षं प्रयोग केले आहेत. त्यांचा एक निष्कर्ष असा, की धड्याशी संबंध नसलेला मनोरंजक मजकूर घातला तर शिकणं वाढण्याऐवजी घटतं. लक्ष गोळा होतं खरं, पण भलत्याच ठिकाणी.

विनोदाने फायदा होतो, असं दाखवणारं कामही आहे. इस्रायलमधल्या अवनर झिव यांनी १९८८ मध्ये संख्याशास्त्राच्या वर्गावर सत्रभराचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या वर्गात त्या विषयाशी जोडलेले विनोद होते, त्या वर्गाला परीक्षेत जास्त गुण पडले. त्यात मला मोलाची वाटते ती पद्धत: आधी संकल्पना सांगायची, मग तीच संकल्पना दाखवणारा विनोद, आणि लगेच तीच गोष्ट पुन्हा साध्या शब्दांत. विनोद मधोमध, दोन्ही बाजूंनी धड्याने धरलेला. म्हणून मी स्वतःपुरता नियम केला की हसू जिथे फुटतं, नेमकी तिथेच संकल्पना असली पाहिजे. संकल्पना काढून टाकली तरी हसू येत असेल, तर तो विनोद शिक्षक-खोलीत ठेवायचा.

एक उदाहरण पूर्ण हिशोबासकट देतो. ९वीच्या पहिल्याच धड्यात गतीचे नियम आहेत. आपल्याकडची मुलं दाक्षिणात्य सिनेमे हिंदीत डब झालेले पाहतात. एका मुलाने मला विचारलं, हिरो लाथ मारतो आणि जीप उडते, "सर, हाई खरं शे का?" मी नाही म्हणून सांगून टाकलं असतं तर तास तिथेच संपला असता. फळ्यावर आकडे मांडले. जीप १६०० किलोची, लाथ बसल्यावर सेकंदाला ५ मीटर वेगाने निघाली असं धरा. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, झाला ८०००. तेवढाच संवेग उलट दिशेने हिरोला मिळाला पाहिजे. हिरो ८० किलोचा. म्हणजे त्याचा वेग सेकंदाला १०० मीटर, ताशी ३६० किलोमीटर. आमच्या वर्गातला हिरो अमळनेरला उभा होता, लाथ मारून तो जळगावच्या दिशेने निघाला. अंतर साधारण ६० किलोमीटर, म्हणजे दहा मिनिटांत पोचला. मागून आवाज आला, "सर, मंग हिरोले यस्टीनी गरजच नही!" वर्ग कोसळला. आणि पाहा, ते हसू संवेग अक्षय्यतेच्या सिद्धांतावरच होतं. सिद्धांत न कळलेल्या मुलाला त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मी तिथे थांबलो नाही, तुम्हीही थांबू नका. एका मुलीने आक्षेप घेतला, हिरोचे पाय जमिनीवर आहेत, जमीन त्याला धरून ठेवेल. फार सुरेख शंका. मग लाथेचा स्पर्श एक दशांश सेकंद टिकला असं धरलं. ८००० संवेग तेवढ्या वेळात द्यायचा तर बल लागतं ८०,००० न्यूटन. बुटाखालचं घर्षण फार तर हिरोच्या वजनाएवढं, ८०० न्यूटनच्या आसपास. शंभरपट कमी. जमीन त्याला धरू शकत नाही. त्या दिवशी बल, संवेगबदलाचा दर आणि घर्षण, तिन्ही गोष्टी एका लाथेत आल्या. मी मनात म्हटलं, या तासाला विनोद कोणी केला? प्रश्न एका मुलाचा, शेवटचं वाक्य दुसऱ्याचं, आक्षेप तिसरीचा. माझं काम फक्त आकडे देण्याचं आणि मुलांना वाट मोकळी करून देण्याचं होतं. तुमच्या स्वभावाच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

आता तुमच्या धाराविद्युतकडे येऊ. दिव्यांची एकसर (एकामागे एक) आणि समांतर (प्रत्येकाची वाट वेगळी) जोडणी शिकवताना मी एके काळी म्हणायचो: मोठ्या भावाचं लग्न जमत नाही तोवर धाकट्यांचंही अडून राहतं, ही एकसर जोडणी. ज्याचं त्याचं आपापलं ठरतं, ती समांतर. खान्देशात प्रत्येक घरात हे घडलेलं असतं, त्यामुळे मुलं लगेच हसायची. एका वर्षी मी पुढे विचारलं, "हा दाखला कुठे फसतो?" बराच वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "सर, धाकट्याचं मोडलं तर मोठ्याचं थांबत नाही. पण माळेतला कोणताही दिवा गेला तरी सगळेच विझतात." तिला एकसर जोडणी पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा खोल कळली होती. तेव्हापासून मी प्रत्येक विनोदानंतर, प्रत्येक दाखल्यानंतर हा प्रश्न विचारतोच. तो विचारला नाही, तर मुलं विनोदालाच विज्ञान समजून बसतात आणि चूक पक्की होते.

याच दाखल्याने मला आणखी एक धडा दिला. तो सांगायला जड जातं, पण सांगतो. दुसऱ्या एका वर्षी सगळा वर्ग हसत असताना एक मुलगी खाली मान घालून बसलेली दिसली. दोन दिवसांनी कळलं की तिच्या घरी तिच्याच लग्नाची बोलणी चालली होती. १४ वर्षांची मुलगी. मी तिच्या आई-वडिलांना भेटलो, १८ वर्षांच्या आतलं लग्न हा गुन्हा आहे हे समजावलं, मुख्याध्यापकांनाही सोबत घेतलं. पण वर्गातल्या त्या पाच मिनिटांत मी तिला एकटं पाडलं होतं, ते भरून निघालं नाही. लग्नाचा दाखला मी कायमचा सोडला. आता बैलगाड्या वापरतो. बांधावरच्या अरुंद वाटेने एकामागे एक जाणाऱ्या गाड्या, त्यातली एक अडली की पुढच्या-मागच्या सगळ्या अडल्या. मागची अडली तर पुढची का थांबेल, हा वाद तिथेही निघतो. मग वाट गोल करून गाड्या फिरत्या ठेवायच्या, म्हणजे परिपथ बंद असावा लागतो हेही आपोआप येतं. पहिल्या दाखल्यापेक्षा हा चांगला निघाला.

म्हणून कोणावर हसायचं नाही याची यादी मी कडक ठेवली आहे: मुलाचं नाव, रंग, शरीर, जात, घरची परिस्थिती, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोली. तुमच्या वर्गात अहिराणी बोलणारी मुलं असतील, कोकणी आणि भिल्ल या आदिवासी समाजांतली असतील. आश्रमशाळेत माझ्याकडे पावरी बोलणारी मुलं होती. प्रमाण मराठीत एखादा शब्द चुकला की इतर मुलं फिदीफिदी हसतात, आणि शिक्षकही नकळत स्मित करतो. त्या एका स्मिताने मूल महिनाभर तोंड उघडत नाही. उलट करून पाहा. नियम शिकवून झाला की म्हणा, आता हाच नियम आपापल्या बोलीत सांगा. वर्गात जे हसू येतं ते ओळखीचं असतं, घरच्यासारखं. आणि ज्याला स्वतःच्या बोलीत नियम सांगता येतो, त्याला तो कळलेला असतो, पाठ झालेला नसतो.

मीमचंही असंच. तुम्ही शोधू नका, मुलांना करू द्या. फोन लागत नाही. अर्धा कागद, पेन, एक चित्र, दोन ओळी. अट एकच: ज्याने हा धडा वाचलेला नाही, त्याला तो विनोद कळता कामा नये. ही अट मुलांना आवडते, कारण त्यात गुप्त भाषेची मजा आहे. शनिवारी भिंतीवर लावा आणि १०वीच्या मुलांना वाचायला बोलवा. तुम्ही तपासताना फक्त एवढंच पाहा की विज्ञान बरोबर आहे का. चुकलेलं मीमही काढून टाकू नका, खाली "कुठे चुकलं?" अशी चिठ्ठी लावा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना, म्हणजे १९२४ ते १९३० या काळात, साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. मुलं ज्या जगात जगतात तिथे शिक्षकाने रोज जायचं, ही आपल्या भागात जुनीच रीत आहे. साधनं काय ती बदलली.

आतापर्यंतचं थोडक्यात: प्रश्न मुलांकडून घ्या, हसू संकल्पनेवर येऊ द्या, मग दाखला कुठे फसतो ते विचारा आणि शेवटी तीच गोष्ट साध्या वाक्यात फळ्यावर लिहा.

आता तंत्रज्ञान. इथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. धुळे शहरातल्या शाळेत जे चालेल ते धडगाव-अक्कलकुव्याकडे चालेलच असं नाही. तिकडे नेट मिळालं तर मिळालं. साक्रीतही उन्हाळ्यात वीज जाणार. म्हणून मी एक गोष्ट पक्की धरतो: तासाला लागणारी प्रत्येक चित्रफीत आदल्या रात्री फोनमध्ये उतरवलेली असावी, आणि वीज गेली तर तो तास खडूने कसा घ्यायचा हेही ठरलेलं असावं.

चित्रफीत ३०-४० सेकंदांपेक्षा मोठी नको. आणि ती पूर्ण दाखवायचीच नाही. महत्त्वाच्या क्षणाआधी थांबवा आणि विचारा, पुढे काय होईल? प्रत्येकाने उत्तर बोटांनी द्यायचं, पर्याय १ ते ४, हात छातीशी धरून म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा बोटं, आणि त्यानंतर पुढचं दृश्य. मत द्या, बोला, पुन्हा मत द्या ही पद्धत हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९०च्या दशकापासून वापरत आले. त्यांना पुढे मत नोंदवायची यंत्रं मिळाली, आपल्याला बोटं पुरतात. प्लिकर्स नावाचं ॲपही मी वापरलंय. मुलांच्या हातात कागदी कार्डं, आणि शिक्षकाच्या एका फोनने सगळी वाचायची. छान आहे, कोण कुठे अडलंय ते नोंदलं जातं. पण ५८ मुलांची कार्डं टिकवायची आणि नेटची वाट पाहायची, यात पाच-सात मिनिटं जातात. रोज बोटं, महिन्यातून एकदा कार्डं, असं मी ठरवलं.

एका फोनवर सगळ्यात जास्त काय मिळालं असेल, तर पडणाऱ्या चेंडूची चित्रफीत. शाळेच्या पहिल्या मजल्यावरून चेंडू सोडायचा. भिंतीवर खडूने दर २० सेंटिमीटरला रेघ. साधा फोन सेकंदाला ३० चित्रं टिपतो, ती एकेक पुढे सरकवत पाहायची. १०व्या चित्राला चेंडू सुमारे ५४ सेंटिमीटर खाली आलेला असतो, २०व्या चित्राला सुमारे २ मीटर १८ सेंटिमीटर. वेळ दुप्पट, अंतर चौपट. मुलं हे स्वतः मोजतात तेव्हा वर्गात जो कल्ला होतो, तो कोणत्याही मीमने झालेला मी पाहिलेला नाही. दोन सूचना: फोन भिंतीपासून बराच लांब आणि चेंडूच्या वाटेच्या मध्याच्या उंचीवर ठेवा, नाहीतर तिरकं दिसून माप चुकतं. आणि चित्रण भर उन्हात करा. उजेड कमी असला की काही फोन सेकंदाला कमी चित्रं घेतात.

धाराविद्युतसाठी फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, पाहाच. कोलोरॅडो विद्यापीठातला हा प्रकल्प नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. मोफत आहे, त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि उतरवून नेटशिवाय चालतात. परिपथ जोडणीचं जे आहे त्यात तुमचे एकसर-समांतर दिवे मुलं स्वतः जोडतील. प्रोजेक्टर असेल तर एका मुलाला समोर बोलवा आणि वर्गाने त्याला सांगायचं, ही तार इथे लाव, ती काढ. बटण तुमच्या हातात राहिलं तर तो पुन्हा सिनेमाच होतो.

व्हॉट्सॲपचं एक काम मला मनापासून आवडतं, कारण ते घरापर्यंत पोचतं. आज रात्री साडेबारा ते साडेतीन मंगळावरून कॉस्मिक किरणं पृथ्वीवर येणार, फोन बंद ठेवा, असा निरोप तुमच्याही गटात येऊन गेला असेल. तो वर्गात वाचून दाखवा. मग सांगा की १९१२ मध्ये व्हिक्टर हेस हा शास्त्रज्ञ फुग्यात बसून ५ किलोमीटरहून उंच गेला, वर जाताना किरणोत्सर्ग वाढतो हे त्याने मोजलं, आणि या शोधाबद्दल १९३६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ही किरणं अंतराळातून रात्रंदिवस येतच असतात. निरोपात काय खरं, काय खोटं, हे मुलांनी चार ओळींत लिहायचं आणि घरी आई-बाबांना वाचून दाखवायचं. "सर मोबाइलवर काय शिकवतात?" असं विचारणाऱ्या पालकांची शंका माझ्याकडे तरी याच कामाने सर्वात लवकर गेली.

नवी गाणी, नवे रील, नवे शब्द यांच्यामागे धावू नका. आपण शिकेपर्यंत ते जुनं होतं, आणि मुलांसारखं बोलायचा प्रयत्न मुलांना लगेच कळतो. मी दर शुक्रवारी एक डबा फिरवतो. या आठवड्यात पाहिलेलं काहीही, ज्यावर "हे खरं आहे का?" असा प्रश्न पडला, ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. क्रिकेटच्या डीआरएसमध्ये चेंडू स्टंपला लागला असता हे कॅमेऱ्याला कसं कळतं, कच्ची केळी खोलीत ठेवून दोन-चार दिवसांत पिवळी कशी होतात, असे प्रश्न येतात. केळीच्या प्रश्नावर रावेर-यावलकडची मुलं आपल्या काकाच्या रायपनिंग चेंबरची, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीची, माहिती घेऊन आली आणि फळं पिकवणाऱ्या इथिलीन वायूवरचा माझा तास त्यांनीच घेतला. हे सगळं मला सुचलं नसतं.

यातलं काय उपयोगी पडलं, ते कसं ओळखायचं? आठवड्याने काहीही न सांगता एक कोरा कागद द्या आणि विचारा, मागच्या सोमवारचं काय आठवतं? नुसता विनोद आठवला तर तो विनोद बाद. विनोद आणि नियम दोन्ही आठवले तर ठेवा. नुसता नियम आठवला तरी उत्तमच. मी ही चाचणी लावायला लागल्यावर माझे आवडते निम्मे-अधिक विनोद गेले. त्याचं वाईट वाटलं, पण तासाला जागा झाली.

आणि सगळा तास असा घेऊ नका. ४० मिनिटांत अशी जागा एक, फार तर दोन. उरलेला वेळ उदाहरणं सोडवणं, आकृती काढणं, वही तपासणं, हे सगळं शांतपणेच करायचं असतं. शांत वर्ग म्हणजे कंटाळलेला वर्ग, असं दरवेळी नसतं.

सोमवारी तुमचा तास असेल तर जीपचा हिशोब घेऊन बघा. फक्त १६०० किलोच्या जागी मुलांना हवं ते वाहन टाकू द्या. आमच्याकडे कोणीतरी कापसाने भरलेला ट्रॅक्टर टाकतंच, आणि मग हिरो सुरतेला पोचतो की त्याच्याही पुढे, यावर पुढची दहा मिनिटं भागाकार चालतात.